नववा दात

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑइल पंपाचा टेस्ट बेंच आहे, म्हणजे पंप फिरवून तपासायचं स्टँड, तिथली ही केस. अजून डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

पंपाच्या गिअरला ९ दात. म्हणजे एका फेऱ्यात प्रेशरच्या ग्राफवर ९ बारीक उंचवटे यायला पाहिजेत, साधारण एकसारखे. यांच्या ग्राफवर पहिला टोकदार, पुढचे बसके होत जायचे आणि नववा जवळजवळ सपाट. क्वालिटीवाल्यांचं निदान ठरलेलं, गिअर कटिंगमध्ये शेवटचा दात बिघडतोय. मशीन शॉपची पोरं गिअर सीएमएमवर, म्हणजे अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर, मोजून दाखवायलीत, सगळे दात मापात, तरी बोलणी खायलीत. अहो पण पंप बेंचवर कसाही फिरवून बसतोय, मग खराब दात दरवेळी नवव्याच नंबरला कसा काय येईल? एवढ्या मीटिंगा झाल्या, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मला बोलावलं ते 'सेन्सर बदलून द्या' म्हणून. सेन्सरला काही झालं नव्हतं.

या बेंचवर प्रेशरचं रीडिंग घड्याळावर घेत नाहीत, शाफ्टवरच्या एन्कोडरवर घेतात, म्हणजे शाफ्ट थोडा फिरला की एक पल्स देणाऱ्या उपकरणावर. फेऱ्याला १०२४ पल्स, प्रत्येक पल्सला डॅक कार्ड (कॉम्प्युटरला रीडिंग देणारं कार्ड) एक रीडिंग उचलतं आणि फेरा संपला की इंडेक्स पल्स येतो, तिथनं परत शून्य. मधेच एखादा खोटा पल्स घुसला तर तिथनं पुढचं सगळं रीडिंग सरकतं, आणि दर फेऱ्याला वेगवेगळं सरकतं. मग शंभरेक फेऱ्यांची सरासरी काढली की सुरुवातीचे दात शाबूत राहतात आणि शेवटचे पुसले जातात. म्हणून मी थेट कार्डचा एक मोकळा काउंटर घेतला आणि दोन इंडेक्सच्या मधले पल्स मोजायला लावले. कधी १०२४, कधी त्याहून कितीतरी जास्त, दर फेऱ्याला वेगळाच आकडा. ड्राइव्ह (मोटारचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) बंद करून शाफ्ट हातानं फिरवला तर बरोबर १०२४.

पण सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये मात्र प्रत्येक फेरा १०२४ चाच! कोड उघडला तेव्हा कळलं. आधीच्या कुणीतरी दोन ओळी टाकून ठेवलेल्या, फेऱ्यात जास्त रीडिंग आली तर शेवटची कापून टाका. म्हणजे त्या बाबाला दिसलं होतं की पल्स जास्त येतायत, आणि त्यानं पल्स का वाढतायत ते न बघता शेपूट छाटलं. असल्या हुशारीचा मला फार राग येतो.

मग मेंटेनन्सच्या मामांना विचारलं, ड्राइव्हमध्ये कुणी काही बदललंय का.

"व्हय की सायेब. मोटार लई किंचाळायली हुती, डोकं उठायचं. कॅरियर फ्रिक्वेन्सी वाढवली, गप झाली बघा."

मामांचं काही चुकलं नव्हतं, आवाजावर उपाय तोच. पण कॅरियर, म्हणजे ड्राइव्ह सेकंदाला जितक्या वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो तो आकडा, जेवढी जास्त तेवढी व्होल्टेजची खटाखट जास्त, आणि एन्कोडरची केबल मोटारच्या केबलशेजारनं एकाच ट्रेमधनं एसी केबिनपर्यंत आणलेली, चांगली २० मीटर. तरी एवढ्यावर पल्स वाढायचं कारण नाही. स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा खरं दुखणं दिसलं. एन्कोडर ओपन कलेक्टर, म्हणजे तो सिग्नल फक्त खाली ओढतो, वर चढवायचं काम पुल-अप रेझिस्टरचं, आणि तो १० किलोओहम. केबलची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) दर मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर २००० होते, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, सिग्नल वर चढायला लागणाऱ्या वेळेचं माप, २० मायक्रोसेकंद. आणि १५०० आरपीएमला अख्खा पल्सच ३९ मायक्रोसेकंदांचा. त्यामुळे पल्सची कड उभी चढायच्या ऐवजी माशाच्या परासारखी तिरकी चढत होती, आणि कार्ड जिथं 'आला पल्स' म्हणतं नेमकी त्याच पातळीवर रेंगाळत होती. तिथं ड्राइव्हच्या खटाखटीचा एक छोटा काटा बसला की एका कडेच्या दोन होतात.

पुल-अप १ किलोओहमचा केला, कड ताठ झाली. कार्डच्या इनपुटचा डिजिटल फिल्टर चालू केला, केबल ट्रेमधनं काढून वेगळ्या पाइपातनं नेली. मामांची कॅरियर तशीच ठेवली, उगाच त्या माणसाचं डोकं परत कशाला उठवायचं. काउंटर लावून बेंच बराच वेळ पळवला, १०२४ च्या खाली-वर एक आकडा नाही. ग्राफवर नऊच्या नऊ दात उभे. मशीन शॉपचा एक पोरगा ते बघायला मुद्दाम केबिनमध्ये येऊन गेला, काही बोलला नाही, नुसता क्वालिटीच्या साहेबांकडं बघत उभा राहिला.

साहेबांनी विचारलं, आता नवीन रिपोर्ट कधीपासनं मिळतील. मी म्हटलं आत्तापासनं, पण आधी नापास करून बाजूला काढलेल्या पंपांचं काय? ते म्हणाले जुना डेटा परत प्रोसेस करून द्या. आता कसा देणार? कापलेली रीडिंग कुठं सेव्हच केलेली नाहीत, आणि खोटा पल्स फेऱ्यात कुठं घुसला ते त्या फाइलमधनं कळत नाही. सगळे पंप परत बेंचवर चढवावे लागतील असं लेखी दिलंय. त्यातले निम्मे स्क्रॅपला गेलेत म्हणे.