वापसा यायच्या आधी

परतीचा पाऊस सुरू झाला की आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी एकच गोष्ट विचारली जाते. वापसा आला का? म्हणजे रान पाय आणि चाक टाकण्याइतकं सुकलं का?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या पुढं आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. सोनाका ही द्राक्षाची जात ज्या गावानं दिली त्या गावाच्या शिवेला लागून असल्याचा मला आजही अभिमान वाटतो. बार्शी रस्ता सोडला की दीड किलोमीटर मुरमाची वाट, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे काळ्या रानातून सहाशे मीटर पाणंद. सगळं अडतं ते या शेवटच्या सहाशे मीटरवर. छाटणी झालेली, बाग पोंग्यात म्हणजे कोवळी फूट निघताना, रात्री पाऊस, सकाळी आभाळ भरलेलं. डावणी या बुरशीच्या रोगाचं औषध अशा वेळी तासांच्या हिशेबानं मारावं लागतं. ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर आत जात नाही, म्हणून गन आणि पाइप ओढत फवारतो. पण औषध, पेट्रोल आणि माणसं तिथवर पोचवायची कशी? गेल्या वर्षी गमबूट घालून, औषधाची खोकी डोक्यावर घेऊन मी ती पाणंद चार खेपांत पायी तुडवली आहे.

म्हणून धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला, "अक्का, माझी डिफेंडर तू घे, मी दुसरी बघतोय," तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की चांगला पाऊस झाला की दोन दिवस घेऊन ये. कोरड्यात बघून मला काही कळणार नाही.

तो आला ऑक्टोबरच्या शेवटी, एका शुक्रवारी रात्री. आदल्या रात्री आमच्याकडं झोडपून पाऊस झाला होता.

गाडी लँड रोव्हर डिफेंडर ११०. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, ६५० न्यूटन-मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. नवीन घ्यायची तर कोटीच्या वर. भावानं तीन वर्षं वापरलेली, तरी मला देताना तो जी रक्कम सांगत होता त्यात आमच्याकडं एखादा एकर रान येतं. म्हणून मी ती रान घेताना बघतात तशीच बघितली, पायाखाली घेऊन.

मला या गाडीबद्दल आधीपासून एक गोष्ट माहीत होती, आणि तिच्यामुळंच माझं मन तिच्याकडं ओढलं जात होतं. पहिली लँड रोव्हर शेतासाठी बनली होती. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतात युद्धातून उरलेली विलीज जीप वापरायचे. तिच्या जागी आपलीच काहीतरी गाडी हवी, या विचारातून ती जन्मली आणि १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई, म्हणून अंगावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. आणि तिला पीटीओ जोडता यायचा! आपल्या ट्रॅक्टरला असतो तसाच, मागं यंत्र लावून चालवायला. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही गाडी मला आपल्यातली वाटली होती. २००८ पासून कंपनी टाटांकडं आहे. जुन्या घडणीची डिफेंडर २०१६ च्या जानेवारीत बंद झाली, आणि ही नवी २०१९ साली दाखवली गेली. नवीला जुन्यासारखी वेगळी चेसिस नाही, अ‍ॅल्युमिनियमची एकसंध बॉडी आहे. पीटीओही नाही.

शनिवारी सकाळी आधी आईला आणायला सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गेलो. आरसे मिटले तरी ही गाडी दोन मीटर रुंद. मधल्या मारुतीच्या पुढं एक हातगाडी, एक रिक्षा आणि आम्ही, एवढ्यात गल्ली भरली. पण उंच बसल्यामुळं बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात, आणि कॅमेरे चाकाजवळची गटाराची कड पडद्यावर दाखवतात. मी आरसा न घासता बाहेर काढली. रोज काढायची झाली तर मात्र जीव मेटाकुटीला येईल.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. भावानं बटण दाबलं, गाडी हवेच्या सस्पेन्शनवर पाच सेंटिमीटर खाली बसली. आईनं उंबऱ्यावर उभं राहून बघितलं, पाय उचलून अंदाज घेतला, परत ठेवला. मग आत जाऊन देवघरातला जुना लाकडी पाट घेऊन आली. तो रस्त्यावर ठेवला, त्यावर चढली, दाराजवळची मूठ धरली आणि बसली. बसल्यावर म्हणाली, "खुर्ची चांगली आहे रे, कंबरेला लागते बरोबर." बाहेरून जाहिरातीत दिसणारा ऐषाराम माझ्यासाठी या एका वाक्यात आला. पडदा, गाणी, काचेचं छत याबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही. सीट खरंच उत्तम आहेत, आणि बार्शी रस्त्यावर आई मागं झोपून गेली.

मुरमाच्या वाटेवर गाडीनं मला जिंकलं. आमच्या रोजच्या गाडीत त्या दीड किलोमीटरला मी विसाच्या पुढं जात नाही, कारण पुढच्या आठवड्यात खडखड ऐकायला मिळते. ही चाळीसनं गेली आणि पाण्याची बाटली जागची हलली नाही. आमच्या भागात माळढोकचं अभयारण्य आहे. त्याच्या कडेच्या माळावर गाडी घालू नको, असं मी भावाला आधीच बजावलं होतं. गवताळ माळ म्हणजे मोकळी जागा असं शहरातल्या पोरांना वाटतं, तिथं जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. गाडीची ताकद दाखवायला माळ वापरू नये, हे मी मनापासून सांगते.

ओढ्याला पाणी होतं. तिथं आमचे तात्या वेळूची काठी घेऊन उभेच होते. कंपनीचा आकडा ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट पाण्यातून ही गाडी जाते. तात्यांनी चालत जाऊन काठी तीन ठिकाणी टेकवली. गुडघ्याच्या जरा वर, दीड फूट. तळाला मुरूम घट्ट होता आणि ओढ नव्हती. मग भावानं पाण्याचा मोड लावला. गाडी उंच झाली, पडद्यावर पाण्याची पातळी दिसायला लागली. चालत्या माणसाच्या वेगानं, समोर एक लाट ढकलत आम्ही पार झालो. पलीकडं चढल्यावर ती स्वतःच ब्रेक हलके घासून कोरडे करते, हे मला फार आवडलं. आमच्याकडं ओढ्यातून निघाल्यावर ब्रेक न लागल्यानं बांधावर गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

तरी एक सांगते. पाणी उभं आहे की वाहतंय, हे मशीन सांगत नाही, तात्यांची काठी सांगते. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना तीन फुटांचा आकडा ऐकून धीर यायला नको. वाहत्या पाण्यात अडीच टनांची गाडीसुद्धा उचलली जाते.

आता पाणंद.

तिच्या तोंडाशी मी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून टेप काढला. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पाडल्यात. मधल्या उंचवट्यापासून चाकोरीच्या तळापर्यंत एका जागी २६ सेंटिमीटर, दुसरीकडं ३१, एका ठिकाणी ३४. ही गाडी सस्पेन्शन पूर्ण ऑफ-रोडला उंच केलं की जमिनीपासून २९१ मिलिमीटर उचलते, म्हणजे २९ सेंटिमीटर. आकडे तिथंच समोरासमोर उभे राहिले. ३१ आणि ३४ च्या जागी चाकं चाकोरीत गेली तर पोट मधल्या वरंब्यावर बसणार. पोट टेकलं की चारही चाकं नुसती फिरतात. मग लो रेंजचे हळू पण ताकदीचे गिअर असोत, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल लॉक असो, काही उपयोग नाही. म्हणून एक चाक मधल्या वरंब्यावर आणि एक बांधाच्या कडेला, असं चाकोरी टाळून जायचं ठरलं. टायरमधली हवाही थोडी कमी केली.

पहिली तीस पावलं ती गेली. खरंच गेली. लो रेंजमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ न दाबता, एखादं चाक फिरायला लागलं की कॉम्प्युटर त्याला धरून ठेवायचा आणि ताकद दुसरीकडं द्यायचा. भावाच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. मी बाजूनं चालत टायरकडं बघत होते.

काळी माती ओली झाली की फुगते, आणि मग जे लागेल त्याला धरून बसते. टायरच्या खाचा पहिल्या दहा पावलांतच भरल्या. पुढच्या दहात खाचा दिसेनाशा झाल्या आणि टायर गुळगुळीत, काळा, चकचकीत झाला, डांबरात बुडवून काढल्यासारखा. त्यात गवताच्या काड्या गुंतून लगदा आणखी जाड. चाक फिरतंय, पण मातीशी त्याची गाठच पडत नाही. चिखलावर चिखल घसरतोय. हे टायर रस्त्याचे. मड टेरेन टायरच्या गुट्ट्या लांब-लांब असतात, चाक फिरताना चिखल फेकून देतात. यांच्या खाचा बारीक, त्यातून तो सुटत नाही. मग मागचा भाग हळूच चाकोरीकडं सरकायला लागला. मी हात वर केला. भावाला अजून दहा पावलं जायचं होतं. मी म्हटलं, बास. आल्या वाटेनं, स्टिअरिंग सरळ ठेवून, मागं घेतली.

वजन हा दुसरा मुद्दा. ही गाडी रिकामी सव्वादोन टनांच्या वर आहे. आमचा बागेतला छोटा ट्रॅक्टर तिच्या निम्माही भरत नाही आणि तोसुद्धा त्या दिवशी शेडमध्ये उभा होता. ज्या रानात ट्रॅक्टर वापशाची वाट बघतो, त्या रानात गाडीनं घाई करून कसं चालेल?

नंतर तासभर मी आणि तात्या खुरप्यानं चाकांच्या आतला चिखल काढत होतो. रिमच्या आतल्या बाजूला तो वाळला तर चाकाचा तोल जातो आणि हायवेला स्टिअरिंग थरथरायला लागतं, म्हणून ओला असतानाच काढलेला बरा. आई शेडमध्ये बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "बैल असते तर गेले असते."

दुपारी क्रेट भरून बघितले, रिकामेच, कारण माल निघायला फेब्रुवारी उजाडेल. जागा भरपूर आहे. पण मागचं दार बाजूला उघडतं, त्यावर स्टेपनी टांगलेली, त्यामुळं शेडच्या भिंतीला टेकवून लावली तर दार उघडत नाही. दोन पावलं पुढं घ्यावी लागते. रोज माल भरणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी खटकेल.

डिझेल दोन दिवसांत लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास पडलं. सर्व्हिसिंगला पुणे, अडीचशे किलोमीटर. बागेच्या हंगामात गाडी दोन दिवस पुण्याला अडकून राहिली तर आमचं चालत नाही.

रविवारी रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पिठलं असं जेवण झालं आणि मी भावाला माझं मत सांगितलं. मुरूम, पाणी, हायवे, घाट, आईचे गुडघे, या सगळ्यांसाठी मी चालवलेल्या गाड्यांत ही सगळ्यात चांगली. कुणी मुरमाड भागात राहत असेल, हातात पैसा असेल, तर त्यानं डोळे झाकून घ्यावी. पण मला गाडी हवी आहे ती सहाशे मीटरसाठी, आणि त्या सहाशे मीटरमधले दीडशेसुद्धा या टायरवर पार होणार नाहीत. मड टेरेन घातले तर बराच फरक पडेल, पण चाकोरी ३४ ची ३४ च राहील.

तो थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "पाणंदीला मुरूम टाकायला किती लागेल?"

कागद घेऊन आम्ही हिशेब मांडला. तीन मीटर रुंद, फूटभर जाड, कडेला चारी. गाडीच्या रकमेपुढं तो आकडा इतका लहान निघाला की आम्ही दोनदा गुणाकार केला. पाणंदीवर आमच्यासकट पाच खातेदार आहेत. तिघांनी या आठवड्यात हो म्हटलंय. चौथे ऊस गेल्यावर बोलू म्हणाले, म्हणजे फेब्रुवारी. भाऊ तोवर गाडी विकणार नाही, टायर बदलून मेमध्ये परत आणणार आहे.

आईचा पाट त्याच्या डिकीतच गेला.