वडिलांचा फ्लॅट विकताना 1 एप्रिल 2001 या तारखेपाशी काय अडतं

वारसाने आलेला जुना फ्लॅट विकायचा असेल तर सगळ्यात आधी एक तारीख लिहून ठेवा: 1 एप्रिल 2001. वारसांची नावं, सोसायटीचे कागद, खरेदीदाराच्या बँकेची तपासणी हे सगळं आमचं अडीच महिन्यांत उरकलं. या एका तारखेचं मूल्य कागदावर आणायला त्याहून जास्त वेळ गेला, आणि तो गेला चुकीच्या शब्दांत केलेल्या एका अर्जामुळे. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो आहे.

ही तारीख का लागते ते आधी सांगतो. भारतात वारसाहक्कावर कर नाही. इस्टेट ड्युटी 1985 मध्येच गेली. त्यामुळे फ्लॅट वारसाने नावावर आला तेव्हा काही भरायचं नसतं आणि बहुतेक लोक इथेच निर्धास्त होतात. कर येतो तो विकताना, आणि तेव्हा खरेदी किंमत धरली जाते ती वडिलांची. आपण घेतलंच नव्हतं, म्हणून खरेदी शून्य, असं नाही. वारस झालो त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा, असंही नाही. वडिलांनी 1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलं असेल, तर त्यांची मूळ किंमत किंवा त्या तारखेचं बाजारमूल्य यांतलं आपल्या सोयीचं धरता येतं. आमच्या फ्लॅटची खरेदी 1994 ची, म्हणून 2001 चं मूल्य.

2020 च्या वित्त कायद्याने याला एक झाकण बसवलं. जमीन किंवा इमारत असेल आणि त्या तारखेचं मुद्रांक मूल्य, म्हणजे आपलं रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले मिळकतींचे दर), उपलब्ध असेल, तर त्याहून जास्त बाजारमूल्य धरता येत नाही. त्याआधी व्हॅल्युअरचा, म्हणजे मिळकतीचं मूल्य काढून देणाऱ्याचा, अहवाल पुरायचा. आता अहवालाला रेडी रेकनरचं पान जोडलेलं नसेल तर तो अर्धाच.

आम्ही ज्या लॉ फर्मकडे गेलो तिथे मिळकतीचे वकील आणि कराचे वकील पहिल्याच बैठकीला एका टेबलावर बसले. हे नसतं तर आमची दोन कामं एकमेकांच्या आड आली असती. फर्म निवडताना एवढं नक्की विचारा: कॅपिटल गेनचा, म्हणजे विक्रीतल्या नफ्याचा, हिशोब तुम्ही करणार की सीएकडे पाठवणार, आणि पाठवणार असाल तर वारसांचे हिस्से त्याला लेखी कोण कळवणार? फी ठरवतानाही टप्पे वेगळे लिहून घ्या: वारस आणि टायटल (मालकी हक्क), कराचं लेखी मत, दस्तांचा मसुदा.

आता तो अर्ज. सरकारी संकेतस्थळावर आम्हाला अलीकडच्या वर्षांचे दर मिळाले, 2001 चे नाहीत. कार्यालयात तोंडी विचारलं तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, 10 रुपयांचा, आणि त्यात लिहिलं, ‘सदर सदनिकेचे 1 एप्रिल 2001 रोजीचे मूल्य कळवावे.’ तिसाव्या दिवशी उत्तर आलं की अशी माहिती कार्यालयात उपलब्ध नाही. आणि ते उत्तर कायद्याने बरोबर होतं. माहितीच्या अधिकारात दप्तरात असलेला कागद मागता येतो. आपल्यासाठी हिशोब करून द्या, असं सांगता येत नाही. एक महिना त्यात गेला. समोरच्या माणसाला आम्हाला काय हवं आहे हे पूर्ण समजलेलं होतं, तरी ‘असं नाही, असं मागा’ हे एक वाक्य कोणी बोललं नाही. याचा मला अजूनही त्रास होतो.

अपील करण्यात आणखी वेळ घालवू नका, असं वकिलांनी सांगितलं आणि नवा अर्ज स्वतः लिहून दिला. त्याचे शब्द साधारण असे होते: ‘सन 2001 च्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, नगर भूमापन क्रमांक अमुक ज्या विभागात व उपविभागात समाविष्ट आहे त्या पानाची, तसेच त्याच वर्षीच्या मूल्यांकनविषयक मार्गदर्शक सूचनांची साक्षांकित प्रत मिळावी.’ यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. वर्ष 2001 लिहायचं, 2001-02 नाही, कारण तेव्हा रेडी रेकनर 1 जानेवारीपासून लागू व्हायचं. 1 एप्रिलची पद्धत 2016 पासूनची. नगर भूमापन क्रमांक द्यायचाच, कारण रस्त्याच्या किंवा इमारतीच्या नावाने विभाग सापडत नाही आणि एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळे दर असू शकतात. मार्गदर्शक सूचना मागायच्या, कारण इमारतीच्या वयानुसार घसारा आणि क्षेत्रफळाचे नियम तिथे असतात. नुसतं दराचं पान आणलं तर परत जावं लागतं. प्रतीचे पानाला 2 रुपये. या दुसऱ्या अर्जावर सगळं मिळालं.

इतकं होऊन व्हॅल्युअरचा पहिला अहवाल वकिलांनी परत पाठवला. दर बरोबर होता, क्षेत्रफळ चुकलं होतं. करारनाम्यात 540 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, होतं आणि त्याने तेच 10.764 ने भागून 50.17 चौरस मीटर धरलं. रेडी रेकनरचा दर बिल्टअप, म्हणजे भिंती धरून येणाऱ्या, क्षेत्रावर असतो. त्या काळच्या कार्पेटला 1.2 ने गुणायचं, म्हणजे 648 चौरस फूट, 60.20 चौरस मीटर. उलटी चूकही होते: दलालाच्या कागदावरचं सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटा मिळवलेलं) धरतात, आणि मग आयकर अधिकारी तो आकडा कापतो. अहवालात करारनाम्याचं ते पान, गुणाकार आणि घसाऱ्याची टक्केवारी उघड लिहिलेली हवी.

या क्षेत्रफळाने किती फरक पडतो, ते गोल आकड्यांत बघा. समजा 2001 चं मूल्य 8 लाख आणि विक्री 60 लाखांना, आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये. 23 जुलै 2024 पासून कर 12.5 टक्के, इंडेक्सेशन (महागाईच्या निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. पण त्या तारखेआधी घेतलेली जमीन किंवा इमारत असेल आणि विकणारा भारतात रहिवासी असेल, तर जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशन लावून 20 टक्क्यांनी, जेवढा कर येईल त्याहून जास्त द्यावा लागत नाही. नव्या पद्धतीने 52 लाखांवर 6,50,000 रुपये. जुन्या पद्धतीने 8 लाखांचे 376 च्या निर्देशांकाने 30,08,000 होतात, उरलेल्या 29,92,000 वर 5,98,400 रुपये. सेस दोन्हीवर वेगळा. आता कार्पेटची चूक तशीच ठेवली असती तर 8 लाखांचे 6,66,667 झाले असते आणि कर कसाही काढला तरी 6,66,667 च्या (आकडा योगायोगाने तोच) खाली आला नसता. म्हणजे एका गुणाकारापायी 68 हजार.

यापेक्षा मोठी चूक निर्देशांकाच्या वर्षात होते, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त धोक्याची. वडील 2021-22 मध्ये गेले. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मिळकत मिळाल्याचं वर्ष’ म्हणून तेच टाकलं की निर्देशांक 317 धरला जातो. मग 8 लाखांचे फक्त 9.49 लाख होतात, जुन्या पद्धतीचा कर 10 लाखांच्या वर दाखवला जातो, आणि सॉफ्टवेअर 12.5 टक्के निवडून मोकळं होतं. इथे चूक झाली आहे अशी शंकासुद्धा येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे की अशा मिळकतीत इंडेक्सेशन आधीच्या मालकाच्या काळापासून मोजायचं. तो निकाल बक्षिसाने आलेल्या मिळकतीचा होता, पण 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 49(1) दोन्हींना तेच. म्हणून आमच्या हिशोबात 2001-02 चा 100 धरला. सीएला हे तोंडी सांगू नका, वकिलाच्या मताची प्रत द्या.

घरी बसून करण्यासारखी एक पडताळणी: 2025-26 मधली विक्री 2001 च्या मूल्याच्या साधारण 8.36 पटीपेक्षा कमी असेल तर इंडेक्सेशन फायद्याचं, जास्त असेल तर 12.5 टक्के. आमची साडेसात पट होती. आणि इंडेक्सेशनने तोटा आला तर कर शून्य होतो, पण तो तोटा पुढे ओढता येत नाही.

वारसांचा भाग आधी यायला हवा होता, आता लिहितो. वकिलांनी वंशावळ मागितली ती प्रत्येकाच्या मृत्यूच्या तारखेसह. आम्ही आई आणि दोन भावंडं अशी तीनच नावं नेली होती. पण वडील गेले तेव्हा आजी हयात होती, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत पुरुषाची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची पहिल्या वर्गातली वारस आहे. हे फार घरांत विसरतात. म्हणजे हिस्से चार. आजी 2022 मध्ये गेली, तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे: काका, आत्या आणि वडिलांच्या जागी आम्ही दोघं. आईला त्यातलं काही नाही. चोवीस भाग केले तर आईचे 6, आम्हा दोघांचे 7-7, काकांचे 2, आत्याचे 2. सोसायटीत आई नॉमिनी होती, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खरेदीदाराच्या वकिलाने हे शेवटच्या आठवड्यात काढलं असतं तर सौदा मोडला असता.

काका आणि आत्या हक्क सोडायला आनंदाने तयार होते. जवळच्या नात्यातल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये मुद्रांक आहे, आधी 200 होता. आमचा ओढा तिकडेच होता. कराच्या वकिलांनी थांबवलं. हक्कसोडपत्र 2025 मध्ये झालं असतं, म्हणजे तो सहावा हिस्सा 23 जुलै 2024 नंतर आमच्याकडे आलेला, आणि त्यावर इंडेक्सेशनचा पर्याय मागणं अवघड. त्याऐवजी काका आणि आत्यांनी विक्रेते म्हणूनच सही केली. त्यांचा हिस्सा 2022 चा, आजीकडून आलेला, आणि खरेदी किंमत मागे मागे जात वडिलांचीच. नंतर त्यांनी आपल्या इच्छेने आम्हाला रक्कम दिली तर काका किंवा आत्याकडून मिळालेल्या रकमेवर घेणाऱ्याला कर नाही. मिळकतीचा आणि कराचा वकील एकत्र बसल्याचा फायदा म्हणतो तो हाच.

वारस परदेशात असेल तर बेरीज बदलते. अनिवासी वारसाला इंडेक्सेशनचा पर्यायच नाही, आणि त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला, निवासी विक्रेत्यासारखा 1 टक्का नव्हे, तर दीर्घ मुदतीच्या नफ्याच्या दराने कर कापावा लागतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडे करारनाम्याआधीच मागा.

मृत्युपत्र असेल तर वर लिहिलेले हिस्से लागू नाहीत, जे लिहिलं आहे ते. मुंबईत प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) सक्तीचं करणारं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं. त्यामुळे त्याआधीच्या सल्ल्यावर विसंबू नका.

प्रत्येक वारस आपापल्या हिश्श्याचं विवरणपत्र भरतो आणि सवलतही आपापली घेतो: 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 54 खाली घर, किंवा 54ईसी चे रोखे, सहा महिन्यांत, 50 लाखांपर्यंत. आईसारख्या ज्यांना दुसरं उत्पन्न फार नाही त्यांची मूळ सूट, नव्या करपद्धतीत 4 लाख, त्यातली उरलेली या नफ्यातून वजा होते. ती घ्यायला विसरू नका.

करारनाम्याच्या किमान महिनाभर आधी सगळ्यांचं पॅन चालू आहे का ते तपासा. खरेदीदाराने 1 टक्का कर कापायची 50 लाखांची मर्यादा ऑक्टोबर 2024 पासून एकूण किमतीवर बघतात, विक्रेत्यागणिक नाही. म्हणून 2 खरेदीदार आणि 5 विक्रेते असले की कापलेला कर भरण्याचे, म्हणजे 26क्यूबीचे, 10 फॉर्म. त्यात आत्याचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं. अशा पॅनवर 1 टक्क्याऐवजी 20 टक्के कापावे लागतात. 1,000 रुपये भरून ते जोडलं, पण पॅन पुन्हा चालू व्हायला दिवस जातात, आणि तोवर आम्ही आत्याच्या हिश्श्याचा हप्ता थांबवून ठेवला.