पेंडाईनची पुरलेली गाडी

वेल्समध्ये रस्त्यावर ठिकठिकाणी पांढऱ्या रंगात 'आराव' लिहिलेलं असतं. आराव म्हणजे हळू. कार्डिफहून निघाल्यापासून भाच्याने मला हा एकच वेल्श शब्द शिकवला, आणि आम्ही निघालो होतो पेंडाईनला, मोटारींच्या वेगाचे विक्रम झालेल्या किनाऱ्यावर.

सुमारे ११ किलोमीटर सपाट वाळू. ओहोटी लागली की समुद्र इतका मागे सरतो की पाणी नुसती रेघ वाटते. मी चपला काढून चालून बघितलं, ओल्या वाळूत टाच रुतत नव्हती. किनारा संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे. तोफांचा सराव असला की लाल झेंडा लागतो. त्या दिवशी नव्हता.

मला ओढ होती पॅरी थॉमसची. हा मूळचा इंजिनिअर, लेलँड कंपनीचा मुख्य अभियंता. त्याने आखलेली आलिशान मोटार कंपनीने गुंडाळली, तेव्हा गडी चाळिशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडून रेसिंगमध्ये उतरला आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकच्या आतच बंगल्यात राहू लागला. काउंट झ्बोरोव्स्की हा रेसर १९२४ मध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत मरण पावला; त्याची एक दुसरी गाडी थॉमसने १२५ पौंडांना घेतली. सेकंडहँडच! विमानाचं २७ लिटरचं इंजिन, म्हणजे आपल्या बावीसेक स्विफ्ट एका बॉनेटखाली. नाव ठेवलं बॅब्स. एप्रिल १९२६ मध्ये याच वाळूवर लागोपाठ दोन दिवस त्याने विक्रम मोडले, दुसऱ्या दिवशी ताशी १७१ मैल, म्हणजे २७५ किलोमीटर.

पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्पबेल या दुसऱ्या रेसरने इथेच तो विक्रम हिसकावला. थॉमस परत आला. ३ मार्च १९२७ ला बॅब्स उलटली आणि तो जागीच गेला. चौकशी उरकल्यावर लोकांनी गाडी तिथेच वाळूच्या टेकाडात पुरून टाकली, त्याच्या चामडी कोटासकट.

ती ४२ वर्षं तशीच होती. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन नावाच्या बँगोरच्या प्राध्यापकाने उकरून काढली आणि वर्षानुवर्षं खपून चालती केली. खरं सांगते, वाचलं तेव्हा मला हे रुचलं नव्हतं. पुरलेलं कशाला उकरायचं?

मग म्युझियममध्ये ती समोर दिसली. लांबलचक नाक, आणि मागच्या चाकांना फिरवणारी साखळी, सायकलसारखीच, फक्त राक्षसी. ड्रायव्हरच्या अगदी जवळ. हीच तुटून त्याला लागली, असं कित्येक वर्षं मानत होते. गाडी बाहेर आल्यावर मात्र तपासणाऱ्यांचा संशय मागच्या चाकावर गेला. म्हणजे साखळीवरचा आळ हलला तो उकरल्यामुळेच. माझी तक्रार तिथेच बारगळली.

"मावशी, बस झालं, भरती येईल," भाचा म्हणाला.

गावातून बाहेर पडताना पाटी होती: ताशी २० मैल. त्याने निमूट पाळली.