लोटी की करवंद, नोंद सातवी: उजवी बाजू का बसत होती

सापडलं! तीन आठवडे इअरफोनच्या ज्या उजव्या बाजूने माझं डोकं खाल्लं, तिचं कारण सापडलं. दोष लोटीचा नव्हता, केबलचा नव्हता, ती फोनला जोडायच्या डोंगलचा नव्हता आणि माझ्या कानाचाही नव्हता. कानाच्या डॉक्टरांना दिलेले पैसे तेवढे गेले.

मधूनच वाचायला आलेल्यांसाठी एका दमात सांगते. लोटी म्हणजे चकचकीत स्टीलच्या शेलची, एका डायनॅमिक ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे आतला चिमुकला स्पीकर) आयईएम, म्हणजे कानात खोचायचे इअरफोन. करवंद म्हणजे जांभळट काळ्या रेझिनचं हायब्रिड, एक डायनॅमिक आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे दुसऱ्या जातीचे आणखी छोटे ड्रायव्हर. किमतीत फरक जेमतेम दीडशे रुपयांचा. दोन्ही आणायची, महिनाभर ऐकायची, एक ठेवायची आणि दुसरी कुडाळच्या भाच्याच्या गळ्यात मारायची, असा बेत होता. आलेखावर दोघीही हार्मन कंपनीच्या २०१९ च्या टार्गेटजवळून, म्हणजे बहुतेकांना आवडेल अशा आवाजाच्या वळणाजवळून जातात, ३ किलोहर्ट्झच्या टेकडीपर्यंत तर जुळ्या बहिणी. म्हणून निवड अवघड.

दुखणं असं होतं. लोटीची उजवी बाजू संध्याकाळी बसायची, अगदी गळा बसावा तशी. मालवणच्या एसटी स्टँडवर आचऱ्याची गाडी लागते, मी खिडकी पकडते, भजन लावते, तर डावीकडे झांज खणखणीत आणि उजवीकडे जणू गोणपाटाखाली. घरी येऊन, चहा पिऊन, लॅपटॉप उघडून मोजायला बसावं तर दोन्ही बाजू समसमान. माझं मोजमाप म्हणजे कॉलर माइक, त्याला सलाईनच्या नळीचा तुकडा आणि आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर. हे काही ७११ कपलर, म्हणजे मोजमापाचा प्रमाणित कृत्रिम कान, नव्हे, त्यामुळे आलेखाचा आकार टार्गेटवर ठेवून कुणी वाद घालू नका. पण डावी-उजवीतला फरक याने नक्की कळतो, आणि तो कधीच १ डेसिबलच्या वर गेला नाही.

पहिला संशय केबलवर. शेलला लागणाऱ्या ०.७८ मिमीच्या टू-पिनमध्ये डावी-उजवी अदलाबदल करून बसमध्ये ऐकलं. आवाज उजव्या शेलचाच बसला, म्हणजे केबल निर्दोष सुटली. मग टिप्स, म्हणजे कानात बसणारी रबरी टोकं. सोबत आलेल्या टिप्स मी पहिल्याच दिवशी डब्यात टाकल्या होत्या (त्या कोणाच्या कानाच्या मापाने बनवतात देव जाणे), फायनल कंपनीच्या टाइप ई होत्या, त्या मोठ्या करून पाहिल्या, छोट्या करून पाहिल्या. सील पक्कं, तरी आवाज बसतोच. मग डोंगल. मग मीच. डॉक्टरांनी उजव्या कानातून मळ काढला, पावसाचा आवाज एकदम एचडीमध्ये ऐकू यायला लागला, पण लोटी तशीच. शेवटी विक्रेत्याकडे पाठवली. नऊ दिवसांनी परत आली, सोबत चिठ्ठी: 'चेक केली, ओके.' त्या चिठ्ठीवर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आज कळतंय की बिचारा खरंच सांगत होता. त्याने ती संध्याकाळी साडेसहाला मालवणात थोडीच तपासली असणार!

मग मी सिलिका जेलच्या मागे लागले. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तिथे ड्रायव्हरचं काय? छायाचित्रकार लेन्ससाठी वापरतात ते नारिंगी दाणे मागवले. ओल धरली की हिरवे होतात, कढईत अगदी मंद आचेवर फिरवले की परत नारिंगी. (निळे घेऊ नका, त्यांत कोबाल्ट असतं.) घट्ट झाकणाच्या डबीत लोटी आणि दाणे, डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आठ दिवस दाणे नारिंगीच राहिले आणि आठही दिवस उजवी बाजू बसली.

तेव्हा मी हरले आणि भाच्याला फोन केला. लोटीत दोष आहे, अर्ध्या किमतीत घेतोस का? तो म्हणाला, "मावशी, घेतो. मी एका कानानेच ऐकतो नाहीतरी."

आता मंगळवारची गोष्ट. आमच्या साहेबांना एसी २० वर लागतो. पतपेढीत दिवसभर मी शाल घेऊन बसते. सहा वाजता जिना उतरून रस्त्यावर पाऊल टाकलं आणि रोजच्यासारखा चष्मा पांढरा झाला. समोरचं सगळं दूध. मी तशीच उभी, पदराने काच पुसतेय, आणि पुसता पुसता हात थांबला. काचेवर दव धरतं, तर लोटीच्या नोझलच्या, म्हणजे कानात शिरणाऱ्या टोकाच्या, जाळीवर का नाही धरणार?

हिशेब सोपा आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड जी वस्तू बाहेरच्या हवेत येईल तिच्यावर पाणी धरणार. लोटी दिवसभर २०-२२ अंशांवर निजलेली. स्टीलचा गोळा पटकन तापत नाही. तिची जाळी इतकी बारीक विणीची की दवाचा पापुद्रा भोकाभोकांत ताणून बसतो, आणि पहिला फटका ट्रेबलला, म्हणजे वरच्या सुरांना. वर ती कानात घातली की सीलच्या आत गरम, दमट हवा. पापुद्रा वाळणार कसा? सिलिका जेल हवा कोरडी करतं, वस्तू गरम करत नाही. मी लोटीला आठ दिवस कोरडं आणि थंड ठेवून बरोबर संध्याकाळी दवात सोडत होते.

पण मग फक्त उजवीच का? यावर मी मंगळवारी रात्री बारापर्यंत बसले. उत्तर मिळालं बुधवारी, बसमध्ये. मासळी विकून परतणारी एक आजी माझ्या शेजारी नेहमी असते. टोपली पायांत घेत ती म्हणाली, "रोज एकच कान कित्याक झाकतस गो? दुसरो दुखता काय?"

माझी सवय! आवराआवर करताना टेबलावरच डावी कानात घालते, फोनवर आईशी बोलून घेते. रस्त्यावर गाड्यांसाठी उजवा कान मोकळा ठेवते, उजवी गळ्यात लोंबत असते. म्हणजे डावी एसीतच कानाच्या उबेला लागते आणि उजवी थंडगार अवस्थेत स्टँडपर्यंत दहा मिनिटं उघड्या हवेत. गुरुवारी मुद्दाम उलट केलं. उजवी आधी घातली, डावी लोंबती ठेवली. बसमध्ये बसून भजन लावलं आणि डावी बसली! मी एवढ्या मोठ्याने हसले की कंडक्टरने वळून पाहिलं. शुक्रवारी दोन्ही डबीत बंद ठेवून डबी कमरेला, ओचात खोचली. स्टँडवर पोचेपर्यंत डबी अंगाच्या उबेला आली, मग उघडली. दोन्ही बाजू ठणठणीत. कॅमेरावाले एसीतून बाहेर येताना बॅग लगेच उघडत नाहीत, तेच हे.

आणि करवंद? ते आठवडाभर त्याच ड्रॉवरमध्ये होतं, त्याला काही झालं नाही. त्याची जाळी मोठ्या भोकांची आहे, पापुद्रा ताणायला जागाच नाही. रेझिनचं शेल हलकं, लवकर हवेच्या तापमानाला येतं. आकाराने मात्र ते कानात जवळजवळ भरूनच बसतं.

एक कबुलीही द्यायची आहे. तिसऱ्या नोंदीत मी लिहिलं होतं की लोटीचं ट्रेबल मंद आहे, वरचा पडदा ओढल्यासारखा वाटतो. ती नोंद मी मागे घेते. तो मुसळधार पावसाचा आठवडा होता. छत्रीमुळे हात अडकलेले, म्हणून दोन्ही बाजू बसमध्ये बसल्यावरच घालायचे. दोन्ही जाळ्या सारख्याच भिजलेल्या, त्यामुळे फरक कळला नाही, आणि मी त्याला 'ट्युनिंग' म्हणून मोकळी झाले. ते वाचून कुणी लोटी नाकारली असेल तर माफ करा.

खूण तर आधीच मिळाली होती, माझ्याच लक्षात आली नाही. मागच्या महिन्यात रविवारी मांडवी एक्सप्रेसने कणकवलीहून चिपळूणला गेले, तेव्हा लोटी दिवसभर व्यवस्थित होती. बिनएसीचा डबा, खिडक्या उघड्या. त्या दिवशी माझं सगळं लक्ष आयसोलेशनवर, म्हणजे बाहेरचा आवाज किती अडतो यावर होतं. भोके आणि उक्षीच्या मध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, आणि उघड्या खिडकीत त्याच्याएवढी गच्च गडगड कुठेच मिळत नाही. लोटीवर आवाज चार पायऱ्या चढवावा लागला. परतीला त्याच बोगद्यात करवंद लावलं, एक पायरी पुरली. त्या बाबतीत वादच नाही.

आता हे लिहिता लिहिता एक सुचलं. दवाचा परिणाम घरीच पाडून मोजता येईल की. फ्रिज! थांबा.

...

आले. डावी तशीच बाहेर ठेवली, उजवी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दहा मिनिटं फ्रिजमध्ये. बाहेर काढून दोन मिनिटं ओट्यावर, मग नळीत बसवून स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकणारा चाचणीचा सूर. बासमध्ये फरक किरकोळ, २ किलोहर्ट्झनंतर उजवी रेघ घसरगुंडीवर, ६ च्या आसपास डावीपेक्षा तब्बल ११ डेसिबल खाली. नळीत असतानाही पुढची वीस मिनिटं ती जेमतेम अर्धी सावरली. नळीतून काढून पंख्याखाली धरली तेव्हा पाच मिनिटांत रेघा एकमेकींवर. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो राक्षस माझ्या पडद्यावर दिसला. आलेख जपून ठेवलाय. तुम्ही मात्र हे करू नका, पाणी जाळीवर थांबलं तर ठीक, ड्रायव्हरपर्यंत गेलं तर संपलं. आणि घरात आई असेल तर अजिबात करू नका. सोलकढीच्या तांब्याशेजारी पिशवी बघून, "ह्या काय ठेवलंस गो फ्रिजात?" हा प्रश्न तीनदा विचारून झालाय.

तर आता पुन्हा निवड, पहिल्यापासून. शनिवारी दुपारी लाईट होते तेवढ्यात पिंक नॉइजवर, म्हणजे धबधब्यासारख्या चाचणीच्या आवाजावर, दोघींच्या आवाजाची पातळी जुळवली (हे न करता केलेली तुलना म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा बुवा जिंकला म्हणण्यासारखं, एखादा डेसिबल जास्त असला तरी कान फसतो), लोटी कोरडी आणि उबदार, आणि लावलं गेल्या गणपतीत मी स्वतः रेकॉर्ड केलेलं डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचं, भजन.

करवंद आधी मोहात पाडतं. पेटी इथे, झांज तिथे, कोरसमधला प्रत्येक जण वेगळा मोजावा. पण पखवाजावर थाप पडली की माझी कुरकुर सुरू होते. डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते, तिचा तो ओला, जड 'धुम्' डायनॅमिकमधून येतो आणि उजव्या शाईचा 'ता' आर्मेचरमधून. दोन्ही सुंदर, पण दोन वेगळी माणसं वाजवतायत असं वाटतं. लोटीवर एकच माणूस, एकच पखवाज, मांडीवर आडवा. थाप पडते, हात तिथेच किंचित दाबून राहतो, नाद खाली सरकतो, हे सगळं एका ओळीत ऐकू येतं. आणि ते 'मंद' ट्रेबल? बुवाने चिडून झांज जवळ ओढली तिथे मी आवाज कमी केला. मंद कसलं, चांगलंच धारदार आहे. ५ किलोहर्ट्झला दोन-अडीच डेसिबल कापलं तर बरं वाटतं. पेटीच्या वरच्या सप्तकातही तेच.

बससाठी करवंद, घरी लोटी. पण एकच ठेवायची ठरली आहे, आणि रोज दोन तास मी बसमध्ये असते. कागदावर करवंद जिंकतं. कालपर्यंत मीही तेच लिहिणार होते. मग रात्री पत्र्यावर पाऊस कोसळत असताना दिवे गेले, आणि मी अंधारात अख्खी डबलबारी लोटीवर ऐकली, दुसऱ्या बुवाच्या शेवटच्या गजरापर्यंत. करवंदावर मी नेहमी गाणी बदलत बसते.

लोटी ठेवतेय.

अडचण भाच्याची. त्याला 'दोषी' लोटी अर्ध्या किमतीत कबूल केलीय आणि तो रविवारी पैसे घेऊन येतोय. त्याच्या घरी एसी नाही, वर्कशॉपमध्येही नाही. त्याच्याकडे ती एक दिवससुद्धा बसली नसती, म्हणजे पोराला अर्ध्या पैशांत निर्दोष सेट मिळत होता. आता शब्द फिरवायचा तर करवंदही अर्ध्यातच द्यावं लागणार. मघाशी फोन करून सांगितलं, "लोटीच्या ऐवजी दुसरी देते, तेवढ्याच पैशांत, बोगद्यातसुद्धा चालते." तो दोन क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "मावशी, हिच्यात काय बिघडलंय?"