ओट्याआधी वारा

नागपुरात स्वयंपाकघराचा नकाशा काढायचा तर मे महिन्यात, भर दुपारी, पोळ्या लाटता लाटता काढावा. दिवाळीच्या हवेत कुठलाही ओटा बराच वाटतो. पारा ४५ च्या वर गेला की मग कळतं, कोणती भिंत आपली आणि कोणती वैऱ्याची.

आमचं प्रतापनगरचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, पूर्वाभिमुख. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, नऊ बाय अकरा. पूर्वेला हॉलचं दार, बरोबर त्याच्यासमोर पश्चिमेला मागच्या अंगणाचं दार, त्याला लागून खिडकी आणि खिडकीखाली गॅस. म्हणजे तीननंतर ऊन थेट तोंडावर. शिवाय हॉलमधल्या कूलरचा झोत दारातून सरळ आत येऊन ज्योत आडवी करतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, आमच्याकडे एक तर कूलर चालतो, नाही तर गॅस. कूलर बंद केला की हॉलमधून आवाज येतात, कोणाचे ते सांगत नाही.

म्हणून हे स्वयंपाकघर आता नव्याने करायचं ठरलं. किचनच्या शोरूममधल्या मुलाने कॉम्प्युटरवर फार देखणं चित्र काढून दिलं. शटर चकाचक, लाइट लपवलेले, मध्ये चहा प्यायला उंच खुर्च्या. मी विचारलं, 'वारा कुठून येणार?' तो म्हणाला, 'मॅडम, चिमणी आहे ना.' चिमणी धूर ओढते, गारवा आणत नाही. आणि कूलरचं साधं गणित आहे: आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, नाही तर नुसती चिकचिक. ती वाट आपल्या स्वयंपाकघरातूनच काढली तर? मागच्या दारावर एक्झॉस्ट फॅन बसवायचा. हॉलमधली गार हवा या दारातून येईल, त्या दारावरून निघून जाईल, आणि गॅस त्या रेषेतून बाजूला घ्यायचा.

बाजूला म्हणजे पूर्वेच्याच भिंतीवर, पण दारापासून लांब, दक्षिणेच्या टोकाला. हे ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा खुलला, कारण ती आग्नेय दिशा आणि तोंड पूर्वेला. त्यांचं वास्तुशास्त्र आणि माझा कूलर एकाच कोपऱ्यात भेटले. आमच्या घरात एवढं एकमत क्वचितच होतं. दक्षिणेची भिंत बाहेरची असल्यामुळे चिमणीचा पाइपही एकाच वळणात बाहेर निघतो. पाइप जितका लांब आणि वळणं जितकी जास्त, तितकी चिमणीची ओढ कमी. साओजी रश्शाचा मसाला भाजला की शेजारच्यांना ठसका लागतो, त्या घरात फिल्टरमधून तीच हवा परत आत सोडणारी बिनपाइपाची चिमणी काय कामाची?

खिडकीखाली आता सिंक. भांड्यांना ऊन लागलं तर बरंच. मधल्या दक्षिणेच्या भिंतीवर चिरणं-लाटणं. फ्रिज मात्र दाराबाहेर, जेवणाच्या टेबलापाशी, कारण मे महिन्यात आमच्या ह्यांच्या फ्रिजकडे किती चकरा होतात ते मला माहीत आहे. गार पाण्यासाठी कोणी माझ्या पाठीमागून वाकायला नको.

गॅस, सिंक, फ्रिज यांच्या त्रिकोणाचा हिशेब शोरूमवाल्यानेही सांगितला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात तो मांडला गेला, तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फूट असावी असा. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं होतं, एकेक पाऊल मोजून. कौतुकच आहे. पण ते एकटीने राबणाऱ्या बाईसाठी. आमच्याकडे दोघी असतो, आणि महालक्ष्म्यांना जावा आल्या की पाच.

म्हणून गच्चीवर खडूने अख्खं स्वयंपाकघर खऱ्या मापात आखलं. समोरासमोरच्या ओट्यांमध्ये पाच फूट उरतात. ट्रॉली वीस इंच बाहेर ओढली की साडेतीनही उरत नाहीत. सासूबाईंना वरणाचा मोठा गंज दोन्ही हातांत धरून मागून जायला लावलं. (रिकामा.) गेल्या, पण अंग चोरून. मग गॅससमोरच्या सिंकखाली ट्रॉली नकोच, साधी दारं, असं ठरलं. तिथे प्लायचे खोकेही नकोत, कडप्प्याच्या उभ्या फळ्या. बाकीकडे लकडगंजमधून आणायचा तो आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. शिक्का स्वतः बघून घ्यायचा.

उत्तरेच्या भिंतीशी शोरूमवाल्याला छतापर्यंत कपाट हवं होतं. ती जागा मोकळी राहणार. तिथे सासूबाई पाटावर बसून विळीवर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरतात, आणि थंडीत सांबारवडीच्या दिवशी ढीगभर जुड्या असतात. त्यांना ओट्यापाशी उभं राहून चिरायला सांगणं मला तरी जमणार नाही.

खरी हुज्जत मिस्त्रीशी झाली, उंचीवरून. शेगडी स्वतःच पाच इंच उंच, त्यावर कुकर. मग गॅसखालचा ओटा तीस इंच पुरे, चिरायचा चौतीस, आणि सिंकचा तळ खाली जातो म्हणून तो भाग छत्तीस. मिस्त्री म्हणाला, 'ताई, दगड एका लेव्हलीत नाही बसला तर दिसन कसा?' म्हटलं, भाऊ, दिसायचं ते पाहुण्यांना, कंबर माझी.

सिलिंडर बाहेर ठेवा, असं सगळे सांगतात. आमचं बाहेर म्हणजे पश्चिमेचं रणरणतं अंगण, तेव्हा नाही. तो ओट्याखालीच, उभा, पण बंद कपाटात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून दाराला खालपासून झडपा. नळीही या निमित्ताने नवी घेणार. सुरक्षा नळीवर पाच वर्षांची मुदत छापलेली असते, आमची कधीचीच उलटली आहे.

तोडफोड तुळशीच्या लग्नानंतर. तोवर भांडण फक्त टाइल्सचं उरलंय. लेकीला पांढऱ्याशुभ्र हव्यात. मी तिला म्हटलंय, आधी त्या पांढऱ्यावर एकदा तर्री सांडून, रात्रभर ठेवून, सकाळी तूच घासून दाखव.