विश्रामबागेतला मटण बर्गर

आज संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत एका छोट्या हॉटेलात मटण बर्गर खाल्ला. एक नंबर! अजून चव जिभेवर आहे.

तव्यासमोरच उभा होतो. हॉटेलवाल्या मामांनी खिमा मळला नाही, हलक्या हातानं नुसता थापला आणि मीठ तव्यावर टाकताना वरून लावलं. आधीच मीठ घालून मळलं की पॅटी चिवट होते. उलथन्यानं दाबलीही नाही, त्यामुळं चरबी आतच राहिली. कडा खरपूस, आत रसरशीत. त्याच तव्यावर बटर सोडून पाव भाजला, म्हणून शेवटच्या घासापर्यंत गिच्च झाला नाही.

भारतात मॅकडोनाल्ड्स १९९६ साली आलं आणि बर्गर म्हणजे तसाच, हे आमच्या पिढीच्या डोक्यात बसलं. पण अमेरिकेत न्यू हेवनला लुईज लंच नावाचं जुनं दुकान आहे, ते आजही टोस्टच्या दोन स्लाइसमध्ये बर्गर देतं, केचप अजिबात नाही. मामांचंही तसंच, फक्त कांदा आणि टोमॅटो. मटणच इतकं चांगलं असताना सॉस हवा कशाला?

मिरजकरांनो, रविवारी येताय का? जरा लवकर निघा, खिमा संपतो.