बुन्युएलचा बर्फ

मार्टिनी हे जिनचं कॉकटेल बिघडतं ते बहुतेकदा बर्फामुळे. बाहेर काढून ठेवलेला बर्फ बघता बघता घामेजतो, ते पाणी जिनमध्ये उतरतं आणि पेय पचपचीत होतं. स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलला हे मुळीच खपायचं नाही. 1982 साली आलेल्या आत्मकथनात त्याने ड्राय, म्हणजे नावापुरतं वर्मूथ असलेल्या, मार्टिनीची कृती इतकी बैजवार दिली आहे, की चित्रपटांच्याही वाट्याला असा तपशील क्वचितच आलाय.

ग्लास, शेकर आणि जिन आदल्या दिवशीच फ्रीजमध्ये. बर्फ उणे 20 अंशांच्या आसपास हवा, आणि अंदाजावर भागत नाही, थर्मामीटर लावायचा. मंडळी जमली की बर्फावर न्वाली प्रा या वर्मूथचे (मसाल्यांचा सुवास दिलेल्या वाइनचे) काही थेंब आणि कॉफीच्या इवल्या चमच्याने अर्धा चमचा अंगोस्तुरा बिटर्स हा कडू अर्क. शेकर हलवायचा आणि ते सगळं ओतून टाकायचं! बर्फ तेवढा ठेवायचा. त्याला लागलेली चव पुरते. मग त्यावर निव्वळ जिन, पुन्हा हलवायचं, की लगेच ग्लासात.

यातली मेख तापमानात आहे. शून्यापाशी आलेला बर्फ ओला असतो, हलवताच सुटतो. उणे 20चा कोरडा असतो, त्यामुळे जिन गार होते पण फारशी पातळ होत नाही. ग्लास कोमट असला तर मात्र आदल्या दिवसापासूनची सगळी मेहनत पाण्यात. वर्मूथला हात सढळ असणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. बुन्युएल सांगतो, काही दर्दी वर्मूथच्या बाटलीतून उन्हाची एक तिरीप जिनवर पडू देतात, बस्स! आणि लगेच ही तिरीप तो येशूच्या आईच्या, कुमारी मेरीच्या गर्भधारणेशी नेऊन भिडवतो. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकलेल्या नास्तिकालाच हे सुचावं.

बुन्युएलचा जन्म 1900चा, स्पेनच्या आरागोनमधल्या कालांदा गावचा. स्पेनच्या यादवीच्या काळात तो अमेरिकेत आणि 1946मध्ये मेक्सिकोत गेला. तिथे पैसा कमी, दिवस मोजके. 'लोस ओल्विदादोस' 21 दिवसांत चित्रित झाला आणि त्याने फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळवलं. पुढे 'विरिदियाना'साठी तो स्पेनला परतला. मूळ शेवटात नायिका नात्याने भाऊ लागणाऱ्या तरुणाच्या खोलीत शिरते आणि दार बंद होतं. सेन्सॉरने हरकत घेतली, तसा त्याने तिला त्याच्याबरोबर आणि मोलकरणीबरोबर पत्ते खेळायला बसवलं. दोघांच्या जागी तिघं झाली, तरी सेन्सॉरला चाललं! 1961मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळाल्यावर गहजब झाला आणि स्पेनमध्ये चित्रपटावर बंदी आली. ती 1977पर्यंत टिकली.

बुन्युएलच्याच 1972च्या 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी'त मार्टिनी चक्क पडद्यावर येते. ती कशी प्यावी यावर एक सुखवस्तू गृहस्थ प्रवचन देतो आणि ड्रायव्हरला आत बोलावून त्याच्या हाती ग्लास देतो. तो बिचारा एका घोटात रिकामा करून आभार मानून जातो. त्याची पाठ वळताच गृहस्थ म्हणतो, मार्टिनी कशी पिऊ नये ते हे असं. बर्फाला थर्मामीटर लावणाऱ्या दिग्दर्शकानेच हे दृश्य लिहावं, ही त्यातली खरी चव.